जिन्याखालची सायकल पुन्हा रस्त्यावर: खानदेशकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षं मेहरूण तलावाच्या फेऱ्या मारताना, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दशक्रियेलाही लोकांनी मला सायकलीबद्दल जे जे विचारलं, ते इथे लिहून काढलंय. मी मेकॅनिक नाही. कॉलेज सुटल्यावर सायकल सोडलेला आणि शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तिच्यावर बसलेला जळगावचा माणूस आहे. पुन्हा सुरू करणाऱ्यांपैकी निम्मे दोन महिन्यांत थांबतात, हे मी पाहिलंय. दम लागतो म्हणून कुणी थांबत नाही. घरापासून पंधरा किलोमीटरवर, उन्हात, हवा गेलेली सायकल ढकलत यावं लागतं तेव्हा थांबतात. म्हणून खाली पंक्चरचं उत्तर सगळ्यात लांब आहे. बाकीचं वाचायला वेळ नसला तरी तेवढं वाचाच.

पंचवीस वर्षांनी बसतोय. तोल राहील का?

राहील. पहिली दहा मिनिटं हँडल लटपटेल, मग अंगाला आपोआप आठवेल. लहानपणी तासावर भाड्याची सायकल घेऊन आधी हाफ पायडल, मग दांड्यावरून आणि शेवटी सीटवर अशी जी शिकवणी झाली, ती पुसली जात नाही. बदललाय तो रस्ता. आपण सायकल चालवत होतो तेव्हा मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दुरून यायचा. आता इलेक्ट्रिक स्कूटर मागे आलेली कळतसुद्धा नाही. म्हणून मोकळ्या मैदानावर एकच गोष्ट घोटून घ्या: सरळ रेषेत चालवता चालवता उजव्या खांद्यावरून मागे बघणं. मान वळली की हँडलही वळतं, ते वळू द्यायचं नाही. हे जमेपर्यंत बाजारपेठेत जाऊ नका.

घरात वडिलांची काळी सायकल पडून आहे. ती दुरुस्त करू की नवी घेऊ?

आधी ती बाहेर काढा आणि पुसा. या जुन्या अ‍ॅटलस, हर्क्युलिस, हिरो सायकलींचा सांगाडा पोलादी असतो आणि तो सहसा मरत नाही. मरतं ते रबर: टायर, ट्यूब, ब्रेकचे गुटके. तीन गोष्टी बघा. सांगाड्याच्या सांध्यांपाशी तडा आहे का? पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकलाय का? रिमचा गंज नुसता वरचा आहे की बोटाने पापुद्रे निघतात? हे तिन्ही ठीक असेल तर नवे टायर-ट्यूब टाका, चाकांतल्या छऱ्याच्या गोळ्या बदलून ग्रीस भरा, सायकल तयार. २८ बाय दीड इंची टायर अजूनही तालुक्याच्या गावी सहज मिळतो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला, तेव्हा पुष्कळांनी सायकली भंगारात काढल्या. उगाच काढल्या. त्यांचे सुटे भाग इतर काळ्या सायकलींसारखेच होते.

आणखी एक सायकल गावोगाव पडून असते. शाळेत जायला मुलींना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. मुलगी बारावी होऊन पुढे शिकायला गेली आणि सायकल गोठ्यात कडब्याशेजारी उभी राहिली. आईने ती खुशाल घ्यावी.

गिअरची बरी की बिनगिअरची?

तापीचं खोरं सपाट आहे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यात रोजचं दहा-पंधरा किलोमीटर फिरायचं असेल, तर गिअरची गरज नाही. गिअर म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. पण सातपुड्याकडे किंवा अजिंठ्याच्या डोंगराकडे तोंड करायचं मनात असेल, तर गिअर हवेतच. एकवीस-चोवीस आकड्यांना भुलू नका. मागे सात-आठ आणि पुढे दोन दातेरी चकत्या आपल्याला पुष्कळ होतात. स्वस्त सायकलीचे पुढचे स्प्रिंगवाले शॉकअप मात्र टाळा. वजन वाढतं, आणि पायडलवर जोर द्यावा तर निम्मा त्या स्प्रिंगमध्ये जिरतो.

सीट किती उंच ठेवायची?

नव्वद टक्के लोक खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं त्यांना वाटतं. भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. तीच उंची. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. सीटच्या नळीवर आडवी खूण असते, तिच्यावर नळी ओढू नका. नळीला थोडं ग्रीस लावून ठेवा, नाहीतर गंजून अशी बसते की हातोड्यालाही दाद देत नाही.

पहिल्या महिन्यात किती चालवावी?

वीस मिनिटं, एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास. ताशी पंधराचा वेग चांगला मानायचा, शेजारून कुणी घड्याळाकडे बघत सुसाट गेलं तरी. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, हृदयाचं काही झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. बसायची जागा पहिले आठ-दहा दिवस दुखतेच. त्यावर जाड जेल कव्हर घेऊ नका. जास्त मऊ सीटने जास्त दुखतं.

निघायच्या आधी रोज काय बघायचं?

हवा, ब्रेक, चेन. टायर अंगठ्याने दाबा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. पायडल उलटं फिरवून चेन ऐका. आणि चाकांचे नट किंवा खटके घट्ट आहेत ना ते बघा. एक मिनिटाचं काम आहे.

हवा किती भरायची?

टायरच्या बाजूला उठावात छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. साधारण अंदाज असा: काळ्या सायकलीला ५० पीएसआय, जाड टायरच्या २६ इंचीला ३५ ते ५०, हायब्रिडला ५० ते ७०, बारीक टायरच्या रोड सायकलीला ८० ते १००. वजन जास्त तर हवा थोडी जास्त. मीटरवाला पायपंप घरी घ्याच, सगळ्या खरेदीत वसूल होणारी ही पहिली वस्तू. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने सायकलीत हवा भरू नका. ट्यूब लहान, यंत्र दांडगं, दोन सेकंदांत बार होतो.

व्हॉल्व्ह तीन तऱ्हेचे असतात. जुन्या सायकलीचा रबरी नळीवाला, मोटारसायकलसारखा जाड, आणि रोड सायकलीचा बारीक. या बारीक व्हॉल्व्हच्या टोकाची टोपी आधी सैल करावी लागते. आपला कुठला हे बघून पंप घ्या. हे सांगायचं कारण, मी न बघता घेतला होता.

पंक्चर स्वतः काढता येईल का? आमच्याकडे तर चौकात दुकान आहे.

चौकात आहे हो. पण पंक्चर चौकात होत नाही.

माझी पाळी आली ती पद्मालयाच्या वाटेवर. एरंडोलहून आत वळलो, रान सुरू झालं आणि मागचं चाक बसलं. मार्चमधले साडेदहा वाजलेले. पंप नाही, ट्यूब नाही, पाणी अर्धी बाटली. सायकल ढकलत हमरस्त्यापर्यंत परत आलो आणि केळीच्या रिकाम्या पिकअपमध्ये उभा राहून घरी. त्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसून जुन्या ट्यूबला मुद्दाम भोकं पाडून पाच पंक्चर काढले. बायको म्हणाली, हे काय नवीन. तेव्हापासून परक्याच्या गाडीत बसून आलेलो नाही.

लागतं एवढंच: आपल्या मापाची जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, ठिगळं, सोल्युशन, सँडपेपरचा तुकडा आणि चाकाचा नट असेल तर १५ नंबरचा पाना.

मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा. सायकल उलटी करा, चाक काढा. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागाकडे दाबत जा, म्हणजे ती ढिली पडते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला एक पट्टी घाला, वीतभर अंतरावर दुसरी, आणि एक कड बाहेर काढा. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. एक पंक्चर काढताना दोन नवी होतात.

आता घाईचं काम नाही. ट्यूब बाहेर काढताना तिची कुठली बाजू टायरच्या कुठल्या भागाला होती ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळून हळूहळू फिरवा. दुकानातल्यासारखी पाण्याची घमेली रस्त्यावर नसते, पण गालाच्या कातडीला बारीक झोतही कळतो. भोक सापडलं की टायरमध्ये त्याच जागी काटा शोधा. ही पायरी लोक गाळतात आणि पाचशे मीटरवर पुन्हा बसतात. बोट फिरवाल तर बोटात जाईल. त्यापेक्षा आपल्याकडे ज्याची कमी नाही ते वापरा: कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. जिथे कापूस अडकला तिथे काटा. बाभळीचा काटा मोडून आत राहतो आणि बाहेरून दिसत नाही. तो आतून नखाने किंवा छोट्या चिमट्याने ओढा, निघत नसेल तर बाहेरून आत ढकलून काढा.

भोकाची जात ओळखायला शिका. एक भोक बाहेरच्या बाजूला, तर काटा. शेजारी शेजारी दोन चिरा, सापाने डसल्यासारख्या, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. भोक आतल्या, रिमच्या बाजूला, तर आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी सरकली आहे, ती नीट करा.

रस्त्यावर सरळ जादा ट्यूब टाका, ठिगळ घरी बसून लावा. ठिगळ लावताना आधी जागा सँडपेपरने खरवडा, चकाकी गेली पाहिजे. सोल्युशन पातळ थरात, ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर लावा आणि चार-पाच मिनिटं काही करू नका. फुंकू नका, बोट लावू नका. ओलेपणाची चमक गेली की ठिगळ दाबा. आपली बहुतेक ठिगळं निघतात ती ओल्या सोल्युशनवर लावल्यामुळे.

परत बसवताना ट्यूबमध्ये जराशी हवा भरा म्हणजे ती पिळवटत नाही. व्हॉल्व्हपासून सुरुवात करा आणि शेवटची कड हातानेच चढवा. पूर्ण हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी फिरवून बघा, ट्यूब कुठे कडेखाली चिमटलेली नाही ना. पहिल्यांदा पाऊण तास जाईल. पाचव्यांदा पंधरा मिनिटं. दुकानातला पोरगा पाच मिनिटांत काढतो, पण त्याच्याशी आपली शर्यत नाही.

आमच्याकडे काटेच इतके आहेत की आठवड्याला पंक्चर. काही उपाय?

शत्रू दोन. वेडी बाभूळ आणि सराटे. शेताच्या बांधावर कुंपणाला टाकलेल्या फांद्या ट्रॅक्टरमागे फरपटत रस्त्यावर येतात आणि डांबराच्या कडेला साचतात. म्हणून अगदी कडेने चालवू नका, पांढऱ्या पट्टीच्या आत हातभर राहा. जाड पट्ट्याचे, काटारोधक थर असलेले टायर घ्या. थोडे जड चालतात, पण आठवड्याचं पंक्चर महिन्यावर जातं. जाड व्हॉल्व्हच्या ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रवही घालता येतं. बारीक काट्यांवर ते खरंच चालतं. पण आपल्या उन्हाळ्यात लवकर आटतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी भर घालावी लागते. टायरमध्ये काटा दिसला आणि हवा शाबूत असेल, तर तो तिथे उपटू नका. तसाच घरी या.

चेनला कोणतं तेल? घरात खोबरेल आहे, गाडीचं जळकं ऑइल आहे.

दोन्ही नको. खोबरेल हिवाळ्यात गोठतं आणि जळक्या ऑइलला धूळ अशी चिकटते की महिन्याभरात चेनवर काळी पेस्ट बसते. त्या पेस्टमध्ये बारीक वाळू असते, ती चेन आतून घासत राहते. सायकलीच्या चेनचं तेल मिळतं: कोरड्या दिवसांना पातळ, पावसाळ्याला चिकट. नाहीच मिळालं तर शिलाई मशीनचं तेल चालेल, फक्त ते वारंवार घालावं लागतं. गंज सोडवायचा निळ्या डब्यातला फवारा हा साफसफाईला, त्याला तेल समजू नका.

तेल घालायची रीत: आधी जुन्या टूथब्रशने आणि थोड्या डिझेलने चेन घासा, फडक्याने कोरडी करा. मग प्रत्येक कडीच्या रोळावर एक थेंब, आतल्या बाजूने. पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. चेन बाहेरून कोरडी दिसली पाहिजे. हे पुसणं लोकांच्या जिवावर येतं.

चेन झिजली का हे पट्टीने कळतं. चेनची एक पिन ते पुढची पिन अर्धा इंच. म्हणजे २४ अंतरं बरोबर १२ इंच भरली पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदला. एक अष्टमांश झाली तर मागच्या चकत्यांचे दातही गेले असतील, आणि खर्च तिप्पट.

पायडल मारताना टक्-टक् आवाज येतो. काय असेल?

पायडलच्या दर फेरीला एकदाच, त्याच जागी येत असेल तर काळ्या सायकलीत बहुधा क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांडीची, कॉटर पिन (ती दांडी घट्ट धरणारी खीळ) सैल. चाक फिरतं तसा, पाय थांबवले तरी येत असेल तर चाकात बघा: आरा तुटलाय किंवा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, गोळ्या गेल्यात. नुसती करकर असेल तर चेन कोरडी. उभं राहून चालवताना आवाज बंद होत असेल तर चोर सीटमध्ये आहे.

पायडल काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर. मी जोर लावून डाव्याचे आटे घालवले होते आणि क्रँक बदलावी लागली. त्या जोराचं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं.

ब्रेक सैल झालेत. घरी होईल का?

होतील. लिव्हरजवळ किंवा ब्रेकपाशी वायरवर एक छोटं गोल बोंडू असतं, ते थोडं थोडं उलटं फिरवलं की वायर ताणली जाते. लिव्हर अर्ध्यावर येताच ब्रेक लागला पाहिजे. गुटके रिमवरच टेकतात ना बघा, टायरला घासत असतील तर टायर फाटेल. गुटक्यावरच्या खाचा बुजल्या की नवे घ्या. वायरचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी वायर बदला. डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलाचा हातही लावू नका. तेल उडालं तर पॅड पितात, मग किंचाळतात आणि लागत नाहीत.

पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल अडकते.

अडकणारच, तिथे बैलगाडी अडकते. पाऊस झाल्यावर दोन दिवस पाणंदीने जाऊ नका, डांबरी धरा. अडकलीच तर ढकलू नका, उचला. माती मडगार्ड आणि चिमट्यात भरून चाक जाम होतं आणि ढकलली की घट्ट बसते. बाभळीची काडी मोडून खरवडा, एवढ्यापुरती बाभूळ कामाची. घरी आल्यावर बादलीने धुवा. वॉशिंग सेंटरचा फवारा मारू नका, जोराचं पाणी हबमध्ये शिरून ग्रीस धुऊन नेतं.

अ‍ॅक्सेसरीज काय काय घ्याव्या? दुकानदाराने मोठी यादी दिली.

यादी खिशात ठेवा आणि या क्रमाने घ्या. आधी पंक्चरचं सामान आणि पंप. मग मागचा लाल लुकलुकणारा दिवा आणि पुढचा पांढरा. हे अंधारात जाण्यासाठीच नाहीत, हिवाळ्यातल्या धुक्यात आणि पहाटेच्या झुंजुमुंजूतही लागतात. मग हेल्मेट. सायकलस्वाराला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण डोक्याला ते माहीत नसतं. कपाळावर दोन बोटं सोडून सरळ बसलं पाहिजे, मागे टोपीसारखं नको. मग बाटली आणि तिचा स्टँड, घंटी, कुलूप.

उजव्या हँडलला आरसा लावा. लोक हसतात, हसू द्या. ऊसाची ट्रॉली मागून येताना तो आरसा सोन्याचा वाटतो. मडगार्ड लावा. पॅडवाली चड्डी तासाभरापेक्षा जास्त चालवायला लागल्यावर घ्या आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालू नका, हे प्रत्येकाला सांगावं लागतं. मोबाइलचा स्टँड, स्पीडोमीटर, रंगीत टी-शर्ट वगैरे वाढदिवसाला कुणी दिलं तर घ्या.

उन्हाळ्यात काय करायचं? एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ ४५ ला टेकतं.

साडेपाचला निघायचं, आठच्या आत घरात. तासाभराच्या वर जायचं असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. तहान लागायच्या आधी घोट घोट प्या. डोकं दुखलं, अंगावर शहारे आले किंवा घाम थांबला तर सायकल सोडून सावली गाठा आणि डोक्यावर पाणी ओता. खायला केळी न्या. सगळ्या जगाचे सायकलवाले केळी खातात, आपण तर त्यांच्या माहेरी राहतो.

वारा समोरून असला की जीव जातो.

मे-जूनमध्ये तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा घुसतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. त्या दिवसांत जाताना पश्चिमेला जा आणि येताना वाऱ्यावर या. उलटं केलंत तर येताना घर दिसत असतं आणि येत नसतं. गिअर असेल तर हलका टाका, छाती झाका, कोपर दुमडा.

सुरुवातीला कुठे जावं?

जळगावकरांनी मेहरूणच्या फेऱ्या, मग गिरणाकाठी कानळद्याचा कण्वाश्रम. धुळेकरांना नकाणे तलाव आहे आणि पाय तयार झाले की लळिंग. फक्त लळिंगला आग्रा रोडवरून जावं लागतं, तेव्हा रविवारी पहाटेच. शहाद्याच्या लोकांना प्रकाशा, तापी-गोमाईच्या संगमावर. दत्तजयंतीच्या दिवसांत सारंगखेड्याकडे सायकल नेऊ नका, घोड्यांच्या बाजाराच्या गर्दीत आपण आणि घोडा दोघेही बुजतो. जळगाव-भुसावळ साधारण २५ किलोमीटर, पण महामार्गाने नको, आतल्या गावांतून जा. हिवाळ्यात केळीच्या बागांमधून यावल-फैजपूरकडे फिरावं. कुठल्यातरी शेतात भरताची वांगी भाजत असतात, आणि खानदेशात सायकलवाल्याला नुसतं रामराम करून कुणी पाठवत नाही. वजन कमी करायला निघाला असाल तर ही वाट टाळा.

तोरणमाळ सायकलने होतं का?

होतं, पहिल्या वर्षी नाही. शहाद्याहून ५५ किलोमीटरच्या आसपास, आणि हजारभर मीटरची चढण, तीही बहुतेक शेवटी. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, चढावर जोर असताना बदललात तर चेन उतरते. खरी परीक्षा उतरताना आहे. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापतात. दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि दोन्ही ब्रेक. मध्ये थांबून रिमला हात लावून बघा. वर यशवंत तलावापाशी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उतरलेलं उत्तम.

सायकलने जाऊन रेल्वेने परत येता येतं का?

येतं. पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव ही सुरत-भुसावळ लाइन यासाठी सोयीची. सगळ्या गाड्या सगळीकडे सामान चढवण्याइतक्या थांबत नाहीत, आदल्या दिवशी चौकशी करा. पंप, दिवा, बाटली काढून पिशवीत घ्या.

मी पंजाबी ड्रेसवर चालवू शकते का? आणि लोक बघतात त्याचं काय, दादा?

चालवता येते, ताई. ओढणी घरी किंवा कमरेला घट्ट, आणि उजव्या पायाची सलवार रबरबँडने किंवा कपड्याच्या चिमट्याने बांधा. चेनकव्हर असलेली सायकल घ्या. लोक पंधरा दिवस बघतात. माझ्याकडेही बघायचे. पारावरचे एक आबा रोज विचारायचे, "कथा चालना भो? गाडी इकी टाकी का?" (कुठे चाललास भाऊ, गाडी विकून टाकली का?) सोळाव्या दिवशी त्यांनी विचारलं, सायकल केवढ्याला पडली. आता त्यांचा नातू सोबत येतो.

कुत्री मागे लागतात.

पळवू नका, तुम्ही हरता. उतरा, सायकल मध्ये धरा, जोरात ओरडा. चालायला लागलात की त्याला तुमच्यात रस राहत नाही.

मग मेकॅनिककडे काय द्यायचं?

चाकाची आउट काढणं (डुगडुगणारं चाक सरळ करणं), आरे घालणं, बीबी (जिच्यावर क्रँक फिरते तो मधला धुरा) आणि हबच्या गोळ्या बदलणं. मागच्या हबमध्ये पाव इंची गोळ्या, पुढच्यात तीन सोळांश. एकदा एका दुकानात माझ्या पुढच्या चाकात दोन मापांच्या गोळ्या भरून दिल्या होत्या, चाक आठवडाभर कुरकुरत होतं. तेव्हापासून मी समोर बसून बघतो. चांगला जुना मेकॅनिक असेल तर तो बसू देतो आणि शिकवतोही. चहा आपण सांगायचा.

दोन महिने सायकल बंद ठेवायची असेल तर?

धुऊन कोरडी करा, चेनला तेल द्या, हवा निम्मी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाच्या बाजूला नको, रबर तडकतं. जमल्यास चाकं जमिनीला न टेकता टांगा. उंदीर असतील तर सीटवर गोणपाट बांधा. आमच्या सीटचं फोम त्यांनी एका मे महिन्यात संपवलं होतं.